सायकलवरचे ठिपके

रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीचा वास अजून बोटांना आहे. अंगणात कडुनिंबाखाली सायकल उलटी ठेवलेली, चाकं आभाळाकडे. गंजाखालून पोलाद उजळत येतं तसा मला आर्णीचा रस्ता दिसू लागतो, आणि त्या रस्त्यानं लहान लहान होत जाणारी माझ्या मित्राची पाठ.

तो जिनिंगमध्ये माझ्यासोबत फिटर होता. कापसाच्या पडत्या वर्षांत जिनिंग बंद पडलं, तेव्हा हत्यारांची पेटी मागे बांधून तो याच सायकलवर गावोगाव फवारणीचे पंप दुरुस्त करत हिंडला. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी घडवलेली, सडपातळ बांध्याची सायकल. तिच्यावर ना बिल्ला, ना नंबर. कुणी कंपनी विचारली की तो म्हणे, मी बनवली. "काहून फेकून राह्यला बे," असं टपरीवर म्हणणाऱ्यांत मीही होतो. तो चहा संपवून निघून जाई.

तो वारल्यावर सायकल त्याच्या मुलीकडे राहिली. दसऱ्याला वाहनं धुऊन पुजायची, त्याआधी पुढच्या नळीवर बापाचं नाव रंगवायचं तिच्या मनात होतं.

"पण खरं असंल तरच, काका," ती म्हणाली. "मले खोटं नाव नाही लिहायचं. तुम्ही पाहून सांगा."

त्याला हसलेल्या माणसानंच हा निवाडा द्यायचा होता. तो खरा ठरावा, असं मला फार वाटत होतं. फ्रेमचे जोड पाहिले. नळ्या सांधणारी पितळेची झाळ कुठंही ओघळलेली नव्हती, कडा पानासारख्या पातळ घासलेल्या. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला पिशव्या अडकवायच्या कड्याही कुणीतरी मनापासून बसवल्या होत्या. माझी आशा वाढली. मग सायकल सुलटी करून हॅन्डल सैल केलं, वर ओढलं, आणि त्याच्या दांड्यावर टोकदार पंच ठोकून मारलेला एक ठिपका दिसला. त्याच्यासमोर चिमट्याच्या नळीवर दुसरा. पायडलच्या दांडीवर तसाच, तिच्या आसावरही तसाच.

अनोळखी यंत्र उघडताना फिटर समोरासमोरच्या भागांवर असे ठिपके मारतात, म्हणजे जोडताना जे जिथलं ते तिथंच जातं. स्वतः घडवलेल्या वस्तूवर मात्र माझा मित्र कधी खूण करत नसे. "आपण केलेलं आपल्यालेच इचारायचं का," म्हणे.

ठिपके बारीक होते. मी बोललो नसतो तर तिला कळलंही नसतं. तरी चिंधी खाली ठेवून मी सांगितलं, सायकल त्यानं बनवलेली नाही. तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "कॅरिअर पाह्यलं का?"

कॅरिअर जिनिंगमधल्या भंगार सळ्यांचं होतं. अवजड, एका अंगाला किंचित झुकलेलं. मी ते सोडवून चारही बाजूंनी पाहिलं. ठिपका कुठंच नव्हता.

"एवढं जड कोणती कंपनी बनवून राह्यली, काका?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

नाव कॅरिअरवर आलं. पुढची नळी कोरीच राहिली. सायकल घडवणारा कुठल्या मुलखातला, ती यवतमाळच्या मातीत कशी आली, ते आता कुणी सांगायचं? त्यानं आपली खूण ठेवली नाही. माझ्या मित्रानं ठेवलेल्या खुणा दुसऱ्याचं काम जसंच्या तसं राखण्यासाठी होत्या. तो खोटं बोलत असे, हे आता मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी त्याच्याबद्दलचा आदर कमी होण्याऐवजी वाढला आहे.

संध्याकाळी मी सायकल पुन्हा जोडायला घेतली. हॅन्डल हळूहळू फिरवत राहिलो, आणि ठिपक्यासमोर ठिपका आला तेव्हाच पान्यानं नट आवळला.