बालीच्या डोंगरासाठी पाच मंगळवार

मी आयुष्यात एकही नवस बोललेलो नाही, तरी माझा नवस एरंडोल रस्त्यावरच्या पाच गावांना तोंडपाठ आहे.

झालं असं, की आमचा चेतन पुण्याला नोकरीला. वय एकोणतीस, काम चांगलं, तब्येत चांगली. फक्त लग्नाचा विषय काढला की त्याच्या फोनची रेंज जाते. त्याने यंदा मे महिन्यात मला आणि त्याच्या आईला बाली बेटावर न्यायचं ठरवलं. समुद्र, नारळाची झाडं, हॉटेलात पोहायचा हौद, आणि तिसऱ्या दिवशी ज्वालामुखीच्या डोंगरावर चढाई!

"डोंगरावर मी एकटा जाईन," चेतन म्हणाला. "वाट अवघड आहे, सगळा खडा चढ. पप्पा, तुम्ही आणि मम्मी हॉटेलात आराम करा."

आराम! शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं मी खुर्चीवर बसून दुसरं केलंय काय? बालीला जाऊनही खुर्चीतच बसायचं असेल तर आमचं पिंप्राळा काय वाईट आहे? मी इरेला पेटलो. शेवटी चेतनने अट घातली. पाठीवर दहा किलोची सॅक घ्यायची, दीडशे पायऱ्या पाच वेळा चढायच्या-उतरायच्या, मध्ये बसायचं नाही, आणि हे सगळं त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवायचं. पास झालो तर डोंगर, नापास झालो तर हॉटेल.

"तुम्ही?" प्रतिभा म्हणाली. प्रतिभा म्हणजे माझी बायको. "गच्चीवरचे कपडे आणायला सांगितलं तर तुम्ही पाऊस यायची वाट बघता!"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. (ती रोज मैत्रिणींबरोबर मेहरूण तलावाला चकरा मारते, म्हणून तिला जरा माज आहे.) खरी अडचण वेगळीच होती. दीडशे पायऱ्या आणायच्या कुठून? आमच्या पिंप्राळ्यात सगळ्यात उंच चढ म्हणजे गतिरोधक! चौकशी करता करता एरंडोल रस्त्याला आतल्या बाजूला एका टेकडीवर देवीचं देऊळ सापडलं. पायऱ्या बरोब्बर एकशे बावन्न. चेतनने सरावाचं वेळापत्रक पाठवलं होतं, त्यात चढाई मंगळवारी होती, त्यामुळे मी मंगळवारी सकाळी सॅकमध्ये घरचा दहा किलो गहू भरला आणि स्कूटर काढली.

मंगळवार, देवीचा वार, पाठीवर धान्य. आता तुम्हाला कळलं असेल. मला नव्हतं कळलं!

पायथ्याशीच पाटी: 'पादत्राणे येथे काढावीत.' चेतनने डोंगरासाठी म्हणून पुण्याहून खास बूट पाठवले होते. ते मी नारळ विकणाऱ्या सुमनबाईंच्या टोपलीमागे ठेवले आणि अनवाणी चढायला लागलो. पहिली फेरी ऐटीत झाली. दुसरीला कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. तिसरी उतरून आलो तेव्हा मी कठड्याला धरून नुसता उभा होतो.

"कोनासाठे भाऊ?" सुमनबाईंनी विचारलं.

मला वाटलं, एवढी मरमर कोणासाठी चाललीय असं विचारतायत. "पोरगा..." एवढंच तोंडातून निघालं.

"आजारी शे का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग लगीन जमत नही का?"

"ते तर नाहीच जमत, पण—" आणि 'पण'च्या पुढे मला जो खोकला आला, तो पाणी पिऊन थांबेपर्यंत सुमनबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं होतं. हातात नारळही दिला होता.

दुसऱ्या मंगळवारी पायथ्याशी दहा-बारा माणसं माझी वाट बघत उभी. पोराच्या लग्नासाठी एक बाप पाठीवर गहू घेऊन अनवाणी पायऱ्या चढतो, ही बातमी आठवड्यात पसरली होती. मी चक्क हात जोडून सांगितलं, "अहो, नवसबिवस काही नाही. मी डोंगर चढायची प्रॅक्टिस करतोय. मला बालीला जायचंय."

"लाजू नको भाऊ," सुमनबाई मायेने म्हणाल्या. "पहिलं पहिलं बठ्ठा लोक असंच सांगतस."

त्या दिवशी माझी एकही फेरी धड झाली नाही. साठाव्या पायरीवर एका केळीवाल्या शेतकऱ्याने सॅक माझ्या पाठीवरून काढूनच घेतली. "थोडं पुण्य आम्हालाही लागू द्या, भाऊ!" नव्वदाव्या पायरीवर एका आजींनी बसवून शिरा खाऊ घातला. वर पुजारीबुवांनी खोबरं दिलं, खाली उतरलो तर पेढे. दोन आठवडे सराव करून माझं वजन दोन किलोने वाढलं. सॅकची चेन एका बाजूला उसवली होती, तिथून गहू सांडत होता. मी मागे वळून पाहिलं तर माणसं ते दाणे वेचून पदराला, रुमालाला बांधत होती.

तिसऱ्या मंगळवारी मला उठायला उशीर झाला. मे महिना, खानदेशचं ऊन, दहा वाजलेले, दगडी पायऱ्या आणि अनवाणी पाय! पाय टेकला की चटका. दहाव्या पायरीपासून मी उड्या मारायला लागलो. एक पाय वर, दुसरा पाय वर, तोंडाने "हाऽ! हूऽ! हाऽ!"

"अंगात आलं!" कोणीतरी ओरडलं.

झालं! हलगी वाजायला लागली. बायकांनी हळद-कुंकू उधळलं. गेल्या वेळचा तो केळीवाला माझ्या पुढ्यात आडवा झाला आणि म्हणाला, "माय, सांग, बोअर कुठे घेऊ?"

"पाणी! पाणी!" मी तळपाय हवेत धरून किंचाळलो, आणि पायऱ्यांच्या उत्तरेला सावलीत पाण्याचा रांजण होता तिकडे बोट केलं.

त्या माणसाने शेताच्या उत्तरेला बोअर घेतली. पाणी लागलं! (आता बोला.)

त्याच मंगळवारी संध्याकाळी चेतनचा फोन आला. आवाज ताणलेला. "पप्पा, तुम्ही माझा नंबर कोणाकोणाला दिलात? मला आज अकरा फोन आलेत. एका काकूंनी विचारलं, बाळा, तुझ्यात नेमकी खोट काय आहे? रात्री झोप नीट लागते का? हे काय चाललंय तिकडे?"

"सराव," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांना स्पष्ट सांगत का नाही?"

सांगितलं होतं, एकदा. आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून कबूल करतो: मला ते आवडायला लागलं होतं! शाळेत एकतीस वर्षं मला कोणी 'जरा तो शिक्का द्या' यापलीकडे काही बोललेलं नाही. इथे मी स्कूटर लावायच्या आत लोक पाया पडत होते. चहा आयता. कठड्याजवळची सावलीची जागा माझ्यासाठी राखलेली. असलं सुख डोंगर चढून तरी मिळालं असतं का?

पण चौथ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी धुळ्याहून माझी थोरली बहीण आली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. आमच्या घरात तिच्या पुढे कोणी जात नाही. दारातूनच सुरू झाली, "सख्ख्या बहिणीले न सांगता नवस? भावड्या, मी मेली का?"

"आक्का, तो नवस नाहीये गं!"

"मग काय शे?"

"ट्रेकिंग आहे."

आक्काने प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभाने खांदे उडवले. नवऱ्याची बाजू घ्यायची एवढी चांगली संधी आली असता ती म्हणाली, "मला काही विचारू नका, आक्का. मी फक्त गहू मोजून देते."

"देवीनी पायरीवर गहू सांडीसन आता माघार?" आक्का गरजली. "नवस अर्धा सोडतस का कोठे? पाच मंगळवार पुरा कर. शेवटला मंगळवारले वरण-बट्टीनं जेवण!"

तिने हुकूम दिले आणि कामाला लागली. चेतनचा बायोडाटा तयार केला, त्याला सूट घातलेला फोटो लावला, चाळीस प्रती काढल्या आणि घामाने भिजू नयेत म्हणून प्रत्येकीला प्लास्टिक मारून आणलं. तो गठ्ठा तिने माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात कोंबला. चौथा मंगळवार त्या वाटण्यातच गेला. सरावाच्या नावाने शून्य! विमान पुढच्या शुक्रवारचं होतं. पाचव्या मंगळवारी परीक्षा दिली नाही, तर मी हॉटेलात बसणार हे पक्कं होतं. पाया पडून घेण्याच्या नादात डोंगर हातचा जाणार म्हणून मी पहिल्यांदा घाबरलो.

पाचव्या मंगळवारी सकाळी सातला टेकडीखाली दोनेकशे माणसं. चुलाणं पेटलेली, वरणाला फोडणी बसलेली. प्रतिभाने मोबाईल धरला, पडद्यावर चेतनचा वैतागलेला चेहरा. मी आक्काच्या कानात सांगितलं, की सॅक मलाच न्यायचीय, कोणी धरली तर सगळं फुकट. आक्काने पदर खोचला.

"पिशवीले कोनी हात लावू नका!" ती ओरडली. "प्रसाद मागून! बाजूला व्हा!"

हलगी कडाडली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले. चौथ्या फेरीला समोरच्या पायऱ्या मला दुप्पट दिसायला लागल्या. पाचव्या फेरीला मी कठड्याकडे झुकलो, तसा सगळा जमाव ओरडला, "चल भाऊ! चल!" केळीवाला उलटा चालत माझ्यापुढे पायऱ्या चढत होता. सुमनबाई नारळ सोडून बाजूने पळत होत्या. मी वर पोचलो, घंटेला हात लावला आणि घरंगळत म्हणावं तसा खाली आलो. पण बसलो नाही!

"पप्पा, पास!" मोबाईलमधून चेतन ओरडला. त्याचा वैताग कुठल्या कुठे गेला होता.

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सॅकमध्ये उरलेला गहू मी जेवणासाठी दिला, सुमनबाईंच्या टोपलीमागचे बूट उचलले, आणि दोन्ही हातांनी बट्टी चुरून इतकं जेवलो की स्कूटर प्रतिभाला चालवावी लागली.

बाली फार सुंदर आहे असं प्रतिभा सांगते. तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभे होतो. प्रतिभाही आली होती, "तुम्हाला काही झालं तर सोबत हवी" म्हणून, पायात तलावावर फिरायचे जुने बूट. मी चेतनने दिलेले नवे कोरे डोंगरी बूट चढवले. नाड्या बांधताना माझ्या लक्षात आलं, की या बुटांनी पाच मंगळवार सुमनबाईंच्या टोपलीमागे काढले होते. चढावर माझ्या पायांची आणि त्यांची ही पहिलीच भेट!

विसाव्या मिनिटाला दोन्ही टाचा सोलल्या. मी बूट काढून अनवाणी निघालो, तर आमचा वाटाड्या आडवा झाला. वर सगळे धारदार काळे दगड आहेत, अनवाणी कोणालाही सोडत नाही, म्हणाला. चेतनने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"तुम्ही बसा," प्रतिभा म्हणाली. "मी जरा बघून येते." कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जावं तशी ती चेतनबरोबर वर गेली. गेली ती थेट शिखरावर!

मी लंगडत पायथ्याला परत आलो. तिथे एक बाई पानांच्या छोट्या परड्यांत फुलं भरून विकत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोललेले अनवाणी पाय, पाठीवर सॅक, डोंगराकडे लागलेली नजर. त्यांनी मला हाताने बसवलं, शहाळं दिलं, माझ्या कानावर एक फूल खोचलं आणि आपल्या भाषेत हळूच काहीतरी विचारलं. शेजारी एक रिकामा वाटाड्या होता, त्याने मला इंग्रजीत समजावून सांगितलं.

"त्या विचारतायत, कोणासाठी?"

माझ्या अंगावर काटा आला. मी वर डोंगराकडे बोट केलं आणि म्हणालो, "पोरगा."

बाईंनी समजुतीने मान डोलावली आणि पलीकडच्या बायकांना हाक मारली.

चार तासांनी चेतन आणि प्रतिभा हसत-खिदळत खाली उतरले, तेव्हा माझ्याभोवती सात बायका बसल्या होत्या आणि सॅकच्या पुढच्या कप्प्यात उरलेले प्लास्टिकवाले बायोडाटे या हातातून त्या हातात फिरत होते.

"पप्पा!" चेतन जागच्या जागी थिजला.

"थांब रे जरा," मी म्हणालो. "त्या विचारतायत, शेती किती आहे?"

डोंगर प्रतिभाने चढला. पण पायथ्याशी बसून पोराची अब्रू घालवण्यात माझा हात धरणारा दोन्ही देशांत सापडायचा नाही!