काकडीचे पाणी आणि माझे साडू

पृथ्वीच्या पाठीवरची कुठलीही वस्तू स्वस्थ बसलेली आहे, असे माझ्या थोरल्या साडूंना कधी वाटलेच नाही. चहात साखर टाकून, ती न ढवळता, ते कपाकडे बघत बसत. “पसरते की आपल्या पायानं, घाई कसली?” साखर पसरेपर्यंत चहा गार होई, आणि तो ते मोठ्या समाधानाने पीत. एकदा सासुरवाडीच्या सत्यनारायणाला, ऐन वैशाखात, त्यांनी दारेखिडक्या लावून कोपऱ्यात उदबत्ती पेटवली आणि वास पोचेल त्याने हात वर करावा असे फर्मावले. सासूबाईंनी पंखा उचलला, तर म्हणाले, “वारा नको. गर्दीतनं मोकळ्या जागी वास आपला आपण कसा सरकतो, ते बघायचंय.” घामाघूम भटजींनी पोथी मिटून हात वर केला. मी असे केले असते तर जावयाला वेड लागले म्हणाले असते; त्यांना प्रसादाची दुसरी मूद मिळाली.

आम्ही दोघेही बी.एस्सी., दोघेही सोलापुरात शास्त्राचे मास्तर. मी पहिल्या वर्गात आलो, ते तिसऱ्या. तरी माझ्या वर्गातली मुले मधल्या सुट्टीत त्यांच्या शाळेत पळत. तेही मी गिळले असते. पण मोहोळाहून माझी आई आली. तिने शेरडे राखून मला शिकवले. आपला मुलगा काय शिकला हे तिला कळावे, एवढीच माझी इच्छा. मी पाटीवर आकृती काढून परासरण, म्हणजे पातळ द्रावणातले पाणी पडद्यातून घट्ट द्रावणाकडे कसे जाते ते, समजावले. “बरं हाय की,” म्हणून तिने पाटी पदराने पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडू थेट चुलीपाशी आले. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ चोळून, कोटासकट पाटावर बसून राहिले. ताटात पाणी सुटले.

“बगा आई, भाईर मीठ लई झालं, म्हणून आतलं पाणी तिकडं निघालं.”

“मग मीठ का जात न्हाय आत?”

“काकडीच्या अंगात बारीक चाळण हाय. पाणी सुटतं, मीठ अडतं.”

आई खुदकन हसली. मी उंबऱ्यात जळत उभा. जेवताना ती पाणचट कोशिंबीर मलाच संपवावी लागली.

आईला पोचवायला आम्ही दोघे स्टेशनात गेलो. डब्यात ती शेजारणीला काकडीचे सगळे सांगत होती, चाळणीसकट. शेवटी म्हणाली, “माजा ल्योक हेच शिकलाय.”

मी साडूंकडे बघितले. ते खिडकीत वाकून म्हणाले, “व्हय आई, आन् पयल्या वर्गात.”

पुढे त्यांची करमाळ्याला बदली झाली. आता माझ्या वर्गातली मुले मधल्या सुट्टीत शाळेतच असतात, आणि हेवा करावा असे गावात कुणी उरलेले नाही.