सनईचा आवाज आणि बाईंचा

मी आज चार ओळी नीट लिहितो, ते शिंदेबाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं. बाईंनी मला मराठी शिकवलं, तेही त्यांच्या नाकातून येणाऱ्या आवाजात. आता त्या निवृत्त होताहेत आणि शाळेच्या गौरव अंकात मला त्यांच्यावर एक पान लिहायचं आहे.

काल एका लग्नात सनई ऐकत बसलो होतो. शेजारचे काका मान डोलावत म्हणाले, "वा, काय गोड वाजवतोय!" तेवढ्यात माइकवरून कुणीतरी जेवणाची पंगत पुकारली, तर तेच काका मला कोपराने ढोसून म्हणाले, "हा गेंगाण्या कुठून धरून आणला रे?"

मी गोंधळलो. आवाज दोन्ही नाकातलेच होते. भुंगा करतो त्याला आपण गुंजारव म्हणतो, डासाची होते भुणभुण. माणसासाठी मात्र 'गेंगाणा', आणि तो शब्द हसल्याशिवाय कुणाच्या तोंडून निघत नाही. मग बाईंच्या आवाजाला मी काय म्हणू? 'मधुर' लिहिलं तर बाईच लाल शाईने खोडतील. आवाज वगळला, तर पानावर बाई उरतच नाहीत.

शेवटी त्यांनाच पत्र टाकलं.

"आदरणीय बाई, साष्टांग नमस्कार. तुमच्यावरचा लेख अडला आहे. तुमच्या आवाजासाठी मला शब्द सापडत नाही. मी मनातल्या मनात काहीही वाचलं, तरी ते मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं. एवढंच लिहिलं तर चालेल का?

आपला, बबन."