थंड पडलेला पाय

"पायात नाडी लागत नाही," मंगरूळपीरचे डॉक्टर म्हणाले. तुमच्या आजोबांचा डावा पाय त्यांनी घोट्याजवळ आणि गुडघ्यामागे चाचपला. मग पोटरीवरचे फडके सोडायला सांगितले.

आणीबाणी उठली त्या वर्षीची थंडी. सकाळी इंझोरीच्या शेतातून येताना आजोबांच्या पायात एकाएकी कळ आली आणि पाय गार पडला. त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या नणंदेने, आक्कांनी, चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पायाला बांधली. गारठलेल्या पायाला आमच्याकडे हाच उपाय. मला ती वीट हातात धरवेना. आजोबा मात्र म्हणत होते, "आक्का, अजून गरम कर, काईच लागून नाई राह्यलं."

फडके सुटले तेव्हा पोटरीवर फोड होते. आजोबांना पत्ताच नव्हता.

आजाराचे नाव एम्बोलिझम. रक्ताची गुठळी वाहत येऊन धमनीत अडकते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरू लागतो. "शेकू नका, चोळू नका," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच नागपूर गाठा."

जीपमध्ये आक्कांनी तो पाय मांडीवर घेतला. "गार पायाले शेकाचं नाई, मंग काय पाहत राहाचं?" त्या म्हणाल्या. बोटे काळपट होत चालली होती. गारवा गुडघ्याकडे सरकत होता.

नागपूरच्या सर्जननी बलून कॅथेटर दाखवले. उदबत्तीच्या काडीएवढी लवचिक नळी, टोकाला इवलासा फुगा. जांघेतली जागा बधिर करून छोटी चीर द्यायची, नळी धमनीतून गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवून मागे ओढायची, म्हणजे गुठळी बाहेर येते. "पण उशीर झालाय," ते म्हणाले. "रक्त पोचेल. पाय जगेलच असं नाही."

पाय कापावा लागला तर, म्हणून त्याचीही सही माझ्याकडून आधीच घेतली.

ऑपरेशन करून वॉर्डात आणले तेव्हा पाय फिकट होता. दिवस मावळताना आजोबा एकदम कळवळले. "आक्का, पोटरी जळून राह्यली वं."

आक्का तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. मी सर्जनना घेऊन आले. त्यांनी पावलावर बोटे ठेवली आणि पहिल्यांदाच हसले. "ओरडू द्या. पायाला कळायला लागलं."

गुठळी हृदयातून आली होती आणि ती पुन्हा येऊ शकते, असे त्यांनी बजावले होते. म्हणून नातवंडांनो, तुमच्याकडे कुणाचा हात किंवा पाय असा गार पडला, तर शेकत बसू नका, डॉक्टरकडे धावा.

त्या संध्याकाळी आजोबा विव्हळत होते. आक्का आणि मी एकमेकींचा हात धरून ऐकत होतो. ते थांबू नये असे आम्हा दोघींना वाटत होते.