खोड सांगणारा मासेवाला

चन्नवीर मासे विकायचा. एवढ्या एका वाक्यापायी त्याला कुणी मुलगी देईना.

घरचे लिंगायत. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी शिरलं नाही, आणि पोरानं भवानी पेठेत दुकान टाकलं ते माशांचं. म्हणजे पाळायच्या माशांचं. काचेच्या टाक्यांतले लाल, काळे, सोनेरी. पण हे दुसरं वाक्य ऐकायला मुलीचा बाप थांबतोय कुठे? 'मासे' शब्द कानावर पडला की तो पायात चपला सरकवून एस.टी. स्टँडची वाट धरायचा.

सत्तर-बाहत्तरच्या सुमारास सोलापुरातल्या डॉक्टर-वकिलांना घरात मासे ठेवायचं नवंच वेड लागलं होतं. मलाही लागलं. टाकी आणली, वाळू घातली, शिंपले मांडले, पाणी भरलं. मासे तेवढे नव्हते, कारण चन्नवीर मला मासा देईना.

"बाई, ह्यो नको. पर मिटून बसलाय बगा. धडधाकट मासा पर पसरून फिरतोय."

"मग तो लांब शेपटीचा दे."

"त्याच्या अंगावर मीठ सांडल्यागत ठिपके हायेत. रोग हाय त्यो."

"आणि तो, पलीकडचा?"

"त्या टाकीत आज सकाळी एक मेला. आता त्यातला कुटलाच द्यायचा न्हाय."

"अरे, तू दुकान चालवतोस की दवाखाना?"

तो हसून पुढच्या टाकीकडे वळायचा. आडदांड देह, चाल संथ, आणि माशाला जाळीत घेताना हात असा हलका, की बाळंतिणीच्या खोलीत वावरणारी सुईणच वाटावी. माणूस लाखमोलाचा होता. मी ठरवलं, याचं लग्न मीच जमवते. दुसऱ्या कुणाच्यानं व्हायचं नाही.

मैंदर्गीचे एक शेतकरी, शिवयोगी, आमच्याकडे वर्षाची ज्वारी घालायचे. त्यांची मुलगी लग्नाची होती. बैल पारखण्यात या गृहस्थांचा हात धरणारा कुणी नव्हता. गड्ड्याच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरला की लोक त्यांना हाताला धरून सोबत न्यायचे. मला आडवळणानं बोलता येत नाही. मी सरळ सांगितलं, "मुलगा मासे विकतो. खायचे नव्हे, बघायचे. उठून जायचं असेल तर चहा पिऊन जा."

शिवयोगींनी चहा बशीत ओतला. "बगायचं मासं? कुणी खातच न्हाय?"

"नाही."

"मग उपेग काय त्यांचा?"

"तुम्ही कुत्रा पाळता, त्याचा काय उपयोग?"

"त्यो भुंकतोय की!"

"हे गप्प बसतात. हा उपयोग."

हे त्यांना पटलेलं दिसलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलीला, नीलव्वाला, घेऊनच ते दुकान बघायला आले. मी चन्नवीरला आधीच बजावून ठेवलं होतं, "गिऱ्हाईक आलं तर आज मुकाट्यानं माल विकायचा. धंदा चालतो हे सासऱ्याला दिसू दे."

आणि गिऱ्हाईक आलंच. बाळासो, चादरींचे व्यापारी. "चन्नवीर, संध्याकाळी बंगल्याची वास्तुशांत हाय. ह्यो मोठ्ठा तांबडा काढ. लवकर!"

चन्नवीरनं माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. त्यानं जाळी उचलली, पाण्यात घातली, क्षणभर थांबला आणि परत बाहेर काढली.

"न्हाय जमायचं, शेठ. वर येऊन धापा टाकतोय त्यो. परवाच मुंबईहून आलाय, प्रवास बाधलाय."

"आरं, आजची रात जगला तरी बास की!"

"त्याला बी इचारा की, बास हाय का."

"लई शाना झालास!" म्हणत बाळासो पायऱ्या उतरून गेले. मी कपाळाला हात लावला. गेलं, हेही स्थळ गेलं.

शिवयोगी पुढे झाले. कमरेवर हात ठेवून त्यांनी त्या टाकीला चारी बाजूंनी बघून घेतलं, बैलाला बघावं तसं. मग म्हणाले, "शिंगं रंगवून, लंगडा बैल सावलीत बसवून इकणारं लई बगितलं म्यां. आपल्याच जनावराची खोड सांगणारा ह्योच पयला." माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी विचारलं, "आता तुजी खोड सांग."

मी मागून हातानं नको-नको करत होते. पण चन्नवीर विचारात पडला. म्हणजे खरं बोलणार!

"घोरतो. शेजारी भांडाय येत्यात. दिवाळी आसू दे न्हायतर दसरा, टाक्यांचं पाणी बदलल्याबिगर जेवत न्हाय. आन्—"

"पुरे!" मी ओरडले.

"अप्पा, माजी बी सांगू?" कोपऱ्यातल्या टाकीपाशी उभी असलेली नीलव्वा म्हणाली. बापानं "गप" म्हणायच्या आत तिचं सांगून झालंसुद्धा. "माज्या भाकरी गोल हुईत न्हाईत. आन् ह्या टाकीत मगाशी ह्यांनी खाणं टाकलं, तवा समदे आले, ह्यो एकटा आला न्हाय."

चन्नवीरनं वाकून बघितलं. खरंच होतं. एरवी हे त्याच्या नजरेतून सुटलं नसतं, पण आज नजर टाकीवर होतीच कुठे? कानापर्यंत लाल होऊन त्यानं तो मासा वेगळ्या टाकीत सोडला.

शिवयोगी माझ्याकडे वळले. "बाई, ही दोगं एकमेकाला फसवायची न्हाईत. धंदा बुडवतील, ते येगळं. करून टाकू."

सुगी आटोपल्यावर मैंदर्गीत लग्न लागलं. मला वाटलं, आता गल्ल्यावर बायको बसली, दुकान जरा शहाण्यासारखं चालेल. मी गेले आणि ठणकावलं, "नीलव्वा, आज मासा घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

"टाकी कुटं ठेवलीया, बाई?"

"खिडकीत."

"कुटल्या अंगाच्या?"

"पश्चिमेच्या. का गं?"

"आगं बया! सोलापूरचं ऊन! चहाला आधण ठेवल्यागत हुईल की पाण्याचं. आदी टाकी हलवा, मग या."

तिच्या मागे उभं राहून चन्नवीर असा बघत होता, जणू बायको कलेक्टर झालीय. एकाला दोन झाले होते, आणि ते मीच जमवलं होतं!

घरी येऊन टाकी उपसली, कोपऱ्यात सरकवली, कंबर धरून बसले. दुसऱ्या दिवशी मासा मिळाला. लांब शेपटीचा, सोनेरी, पर पसरून फिरणारा. त्याच संध्याकाळी नीलव्वा दारात हजर, लेकीचं सासर बघायला आल्यासारखी. बस म्हटलं, बसली नाही. चहा म्हटलं, नको म्हणाली. टाकीत चिमूटभर खाणं टाकून उभी राहिली.

मासा सरसर वर आला. खाल्लं.

"आता ठेवा चहा," ती म्हणाली आणि पदर खोचून बसली.