आठला निघून आठला पोचणारं विमान

हेलसिंकीहून सकाळी आठला निघालेलं विमान स्टॉकहोमला सकाळी आठलाच पोचतं. फ्रिजवर लावलेल्या प्रवासाच्या कागदावरून आईनं हा शोध लावला आणि आमच्या जपानमधल्या नागोयाच्या घरातली शांतता संपली. माझी बायको मृदुला संशोधक. परिषदेसाठी तिकडे गेलेली. आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली.

“मग मधे ती कुठं असते रे?”

“आई, अंतर जेमतेम चारशे किलोमीटर. तासाभराचं उड्डाण. स्टॉकहोमचं घड्याळ एक तास मागे, म्हणून पुन्हा आठ!”

“म्हणजे तो तास गायब झाला. आतल्या माणसांसकट.”

(मी इंजिनियर असल्यामुळे हसलो.)

दुपारी दोनला, म्हणजे हेलसिंकीच्या आठला, मी टॅबवर विमानाचा नकाशा लावला. विमान समुद्रावर आल्यावर पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर ऐट मिरवायला एक स्क्रीनशॉटही धाडला. मग चहा करून आलो, तर विमान हलेना!

तीन वाजले. विमान तिथंच. मृदुलाचा फोन बंद. मी चिमटीनं नकाशा मोठा केला. विमान मोठं झालं, पुढं काही सरकलं नाही. चार वाजले. बाहेर आभाळ भरून आलेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. (इथं शेजारी घरात आहेत की नाहीत, हे कळायची सोयच नाही!) आईनं देव्हाऱ्यातला गणपती उचलला आणि रामेन नूडल्सच्या बाऊलमध्ये पाण्यात ठेवला. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आदल्या दिवशी मी मृदुलाशी फोनवर कचऱ्यावरून भांडलो होतो. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरतं की काय, या विचारानं मी पुन्हा तिचा नंबर फिरवला. बंदच.

पाच वाजले. मुलांनी घरी परतावं म्हणून इथं खांबावरच्या भोंग्यातून रोज एक धून वाजते. त्या दिवशी ती फारच संथ वाजली. ती थांबली आणि फोन वाजला. मृदुला!

“अरे, कधीच पोचले. बॅटरी संपली होती.”

मी टॅबकडे पाहिलं. विमान समुद्रावरच! आई माझा दंड धरून कुजबुजली, “ती तर तिथं आहे. मग ही कोण बोलतेय?”

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

“मृदुला,” मी हळूच विचारलं, “तू... तूच ना?”

पलीकडून थंड आवाज आला, “प्लास्टिकचा कचरा टाकलास?”

माझी बोबडी वळली.

“बाटल्यांची झाकणं वेगळी केलीस? लेबलं काढलीस? की कचरेवाले ‘चुकीचा कचरा’ म्हणून लाल स्टिकर लावून पिशवी तशीच ठेवून गेले पुन्हा?”

“तीच आहे!” आई ओरडली आणि गणपती बाहेर काढायला धावली.

त्या धांदलीत माझं बोट टॅबला लागलं आणि विमान समुद्रासकट बाजूला सरकलं. तो माझा स्क्रीनशॉट होता! मागे खरा नकाशा होता आणि त्यावर विमान दोन तासांपूर्वीच उतरलेलं होतं.

आईनं गणपती पुसता पुसता विचारलं, “तू ऑफिसात नक्की काय करतोस रे?”

काय सांगणार! समोरची वस्तू चालतेय की थांबलीय, हे मी बिनड्रायव्हरच्या गाड्यांना ओळखायला शिकवतो.