कलावतीनं न घेतलेलं नाव

कड्यावरच्या गावी निघायच्या आदल्या दिवशी मालवणहून धाकट्या दिराचा, प्रशांतचा, फोन आला.

"वयनी, बारा वर्सां झाली. भटजी इचारतत. दर्भाचो माणूस करून अग्नी देवया, म्हणजे दादा सुटतलो. तुमी एकदा होय म्हणा."

"सांगतंय," म्हणून कलावतीनं फोन ठेवला. हे 'सांगतंय' ती वर्षभर सांगत आली होती. नवऱ्याची होडी पालथी सापडली होती, माणूस सापडला नव्हता. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र त्या न सापडण्यावरच टिकून होतं. एकदा दर्भ जळला, की वाट बघायलाही कुणी उरणार नव्हतं.

आखातात, कुरुमला सालेमच्या घरी त्याच्या म्हाताऱ्या आईला, हिबाला, सांभाळायला ती राहिली होती. इथं मालकिणीला 'मामा' म्हणतात. पहिला महिनाभर कलावतीला हाक मारताना हसू यायचं, मग जीभ वळली. हिबा मामाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा आवाज गेला आणि कुजबुज तेवढी राहिली. इथल्या जुन्या माणसांसारखं तिला हिंदी बरं येई, त्यामुळे दोघींचं भागत असे. आपलं गाव एकदा दाखव म्हणून तिनं मुलाच्या मागे टुमणं लावलं होतं, आणि शेवटी तो तयार झाला.

गाव कड्यावर होतं, थेट समुद्राच्या डोक्यावर. लोक खाली हमरस्त्याजवळच्या नव्या पांढऱ्या घरांत राहायला गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. सालेमनं आईला पाठंगुळी घेतलं आणि तिघं चढून वर आली. दगडी घरांची छप्परं पडली होती, पण दारांना कुलपं होती. एका कोनाड्यात काळी किटली अजून बसलेली होती. शेळ्या वाकून बघत होत्या, जशा शेजारणी बघतात.

सालेमनं आईला कड्याशेजारच्या दगडावर बसवलं आणि तो मगरिबच्या, सांजेच्या नमाजाला जुन्या मशिदीकडे गेला.

"कला," हिबा कुजबुजली, "इथं उभ्या राहून आम्ही बायका हाका मारायचो. अंधार पडताना खालचा खडक दिसत नाही. ज्याची त्याची बाई हाक मारायची, त्या आवाजावर होडी आत यायची."

"आणि तुम्ही?"

"त्या दिवशी मी भांडले होते. म्हटलं, मारू दे बाकीच्यांना. घरात बसून राहिले. माझा नवरा आलाच नाही. झैन बहिरा नव्हता. हट्टी होता. दुसऱ्या बाईच्या हाकेवर आला नसता. आता माझ्याकडे आवाज नाही. तू मार."

तिन्हीसांजेला समुद्रावर गेलेल्या माणसाला हाक मारायची? मालवणात कुणी जिभेला चटका दिला असता. पण म्हातारीनं तिचा पदर धरला होता. कलावतीनं हात तोंडाशी नेले.

"झैन..."

समोरच्या कड्यावरून नाव परत आलं. तिनं तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा ते परत आलं. हिबानं मान हलवली, जणू एवढंच हवं होतं.

"खलास. आता तुझ्याला हाक मार."

"माझ्याला कशाला, मामा?"

"झोपेत रडतेस. रडतेस, पण नाव घेत नाहीस. कसली बाई तू?"

कलावती हसली, पण हसू टिकलं नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. पासपोर्टच्या खिडकीवरसुद्धा तिनं नुसतं कागदावर बोट ठेवलं होतं. आता नाव घ्यायचं आणि खालून ओ आली नाही, तर मग उरलं काय? प्रशांत बरोबर ठरला असता.

उजेड झपाट्यानं विरत होता. खाली कपारीत पाणी शिरायचं आणि कुणी धाप टाकावी तसं बाहेर यायचं.

"एकनाथ..."

तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. ती वाट बघत राहिली. ओ आली नाही. आणि झैनचं नाव जसं परत आलं होतं, तसं हे नाव परत आलं नाही. पुन्हा हाक मारायचं धाडस तिला झालं नाही.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर हिबाला झोप लागली. सालेम दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मुकाट गाडी चालवत होता. समुद्र आता काळा पडला होता. कलावतीनं काच बोटभर खाली केली आणि प्रशांतला फोन लावला.

"भावजी, होय म्हणतंय. करा."

"बरा केलात, वयनी. मी उद्याच भटजींका सांगतंय." आणि लगेच त्यानं विचारलं, "मागे कोण बोलता तो? मालक?"

कलावतीनं सालेमकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते. हिबाचेही.

"काय बोलता?" तिनं विचारलं.

"वाऱ्यात समजना नाय. बापयाचो आवाज आसा. कोणतरी ओ देता तसो."

"कोण नाय," कलावती म्हणाली. "ठरलाहा तसा करा."

फोन ठेवून तिनं काच पूर्ण खाली केली, आणि कुरुमचे दिवे दिसेपर्यंत वर घेतली नाही.